क्ष शून्य नसेल तर

बसवंतराव सरांनी धम्मशीलेचा अर्धा मार्क कापला तेव्हा ती नववीत होती. ताडकळसची शाळा, घटक चाचणी. 'खालील पदावल्यांना सरळ रूप द्या.' पाच गणितं होती. पाचही उत्तरं बरोबर होती. पेपरावर साडेचार होते.

ती पेपर घेऊन टेबलापाशी गेली. अशी जाणारी वर्गात ती एकटीच.

"सर, उत्तर बरोबर हाय."

"हाय की. अट कुठंय?"

"कसली अट?"

"वर क्ष होता, खाली क्ष होता. काटलास. का काटलास?"

"सारखे होते म्हणून."

"आन क्ष शून्य असला तर?"

तिनं पेपरातल्या काटलेल्या ओळीकडं बघितलं.

"शून्याला शून्यानं भागता येतंय का?"

"न्हाई."

"मग जे भागताच येत न्हाई, त्याचा तू एक करून ठिवलास. जो वर्गातच न्हाई त्याला हजर मांडलास. हजेरीपटावर मी असं केलं तर मला उद्या घरी बसवतेल."

वर्ग हसला. सरांनी तिच्याच पेपरावर, काटलेल्या ओळीच्या बाजूला, लाल शाईनं लिहिलं: क्ष ≠ ०. म्हणाले, "हे लिहायचं. मग काट किती काटायचं ते."

तिनं तो अर्धा मार्क पुढं कधी गमावला नाही. निदान शाळेत तरी.

सरांचं बीजगणित आठवडी बाजारातलं होतं. "पदावली म्हंजी बाजारातून आणलेली थैली," ते म्हणायचे. "घरी आल्यावर काय करता? वांगी वांग्यात, मिरच्या मिरच्यांत. दोन वांगी आन तीन मिरच्या मिळून काय होतंय?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "भाजी, सर!" "भाजी हुतीय. बेरीज होत न्हाई. बस खाली." कंस सोडवायचे तर आतल्या कंसापासून. लय कंस असले की पोरं बाहेरचाच आधी फोडायची. सर म्हणायचे, "कुणाच्या घरी गेलात तर आदी आतल्या खोलीतल्या म्हाताऱ्याची चौकशी करावी. मग वसरीवर बसावं."

धम्मशीलेला सगळे शीला म्हणत. तिची आई ती सातवीत असताना गेली. बाप, सिद्धोधन, परभणीजवळच्या एका शेती संशोधन केंद्रात रोजंदारीवर होता. सकाळी मोटारसायकलवर जायचा, दिवेलागणीला यायचा. शाळा सुटल्यावर शीला सरांच्या ओसरीवर जाऊन गणितं करत बसायची. सरांना मूलबाळ नव्हतं. गौराबाई, सरांची बायको, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, चुलीपुढून हाक मारायची.

"ए शीले, खा आदी. रिकाम्या पोटी क्ष दिसत न्हाई."

ताटात ज्वारीची भाकरी असायची आणि वर लसणाची चटणी. त्या घरात शीलाचं ताट वेगळं नव्हतं. ताडकळसात ही सांगण्यासारखी गोष्ट होती. त्या घरात कुणी ती सांगितली नाही.

ज्वारी घरची होती. गौराबाई लग्न होऊन गंगाखेडकडून आली तेव्हा तिच्या आईनं ओटीत धान्य बांधून दिलं होतं. सरांनी ते त्या साली दोन ओळींत पेरलं, पुढच्या साली एकरात. तेव्हापासून दर रब्बीला तीच. दाणा टपोरा, चुन्यासारखा पांढरा. भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ. गावात तिला नाव नव्हतं. घरात तिला 'माहेरची' म्हणत.

शीला पुढं संख्याशास्त्रात एमएस्सी झाली आणि बाप जिथं होता त्याच केंद्रात कंत्राटावर लागली. बापलेक परभणीत दोन खोल्यांत राहायला आले. बाप दोरी लावून वाफे पाडायचा, उगवलेली रोपं मोजायचा. पोरगी ते आकडे संगणकात भरायची. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायची.

त्या साली केंद्रात गावोगावच्या जुन्या ज्वाऱ्यांची पारख निघाली. नऊ वाण घ्यायचे, रब्बीत प्रत्येकाचे बारा वाफे पेरायचे, पाणी तोडायचं, कोण तग धरतं ते बघायचं. पहिले तीन वाण जतनाच्या यादीत जाणार होते. यादीत वाणाच्या नावापुढं ते जपणाऱ्या माणसाचं नाव छापणार होते.

शीलानं ताडकळसला जाऊन सरांना हे सांगितलं. सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "जपणारी ही हाय. मी नुसता पेरणारा." त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "आमच्या मागं नाव सांगायला कुणी न्हाई, शीला. हिचं नाव कुठं तरी लागू दे."

सात नंबरची पिशवी अशी केंद्रात आली. वर शीलाच्या अक्षरात लिहिलं होतं: माहेरची. जतन, गौराबाई बसवंतराव, ताडकळस.

ऑक्टोबरात पेरा झाला. जानेवारीत सरांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. महिन्याभरानं एकेक शब्द परत आला, तोही मोठ्या कष्टानं. शेत त्याआधी दोन वर्षांपासून बटईनं दिलेलं होतं, तिथं आता हरभरा होता. माहेरची उरली ती एका पत्र्याच्या डब्यात. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून, चार पायल्या.

केंद्रातलं शीलाचं काम 'आर' या भाषेत चालायचं. संख्याशास्त्राची ही संगणकी भाषा. आकडे दिले की ती झटक्यात उत्तर देते. अक्षरांची पदावली दिली की मात्र ती ढिम्म. अधिक शून्य असेल तर अधिक शून्य तसंच ठेवते. गुणिले एक असेल तर गुणिले एक तसंच. वांगी-मिरच्या एका थैलीत. आवरायला तिला वेगळं शिकवावं लागतं.

प्रकल्प आदिनाथ सर बघायचे. शिस्तीचे, मऊ बोलणारे. त्यांनी वाणाच्या तग धरण्याचा एक आकडा ठरवला होता, तगांक. रोपांची उगवण, दोन मोजण्या, जमिनीची ओल, सगळं त्यात होतं. शीलानं ते सूत्र आरमध्ये मांडलं तेव्हा दीड पान भरलं.

"मॅडम, हे कोण वाचणार?" आदिनाथ सर म्हणाले. "समितीपुढं पडद्यावर दाखवायचंय. एका ओळीत बसवा."

बाहेरून तयार सोय उचलता आली असती. शीलानं स्वतः लिहायला घेतलं. त्या फंक्शनचं नाव तिनं 'सरळ' ठेवलं. आरच्या पोटात पदावली झाडासारखी असते. चिन्हं फांद्यांवर, अक्षरं शेंड्यांना. 'सरळ' शेंड्यापर्यंत आत शिरायचं आणि आवरत आवरत बाहेर यायचं. आतल्या कंसापासून. शून्य मिळवलेलं टाक. एकानं गुणलेलं टाक. सजातीय पदं शेजारी बसव. वर आणि खाली सारखं असेल तर काट.

शेवटच्या नियमाला तिनं अट जोडली होती. न विचारता, सवयीनं. शून्य नसेल तर.

त्या अटीमुळं ओळ एक होईना. मधे तीन ठिकाणी जर-तर येऊन बसले. पडद्यावर ते पायऱ्यांसारखे दिसत.

"हे जर-तर काढता येतील का?" आदिनाथ सरांनी विचारलं. "उगवण शून्य असायला काय, पेरलं की काही ना काही येतंच."

शीलाला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. तिनं एक ओळ पुसली.

मग तिनं पडताळा घेतला. लांब पदावली आणि छोटी पदावली, दोन्हींत हजार वेळा वेगवेगळे आकडे घातले. आकडे आरनंच काढून दिले, नशिबावर सोडून. हजारही वेळा उत्तर तेच आलं. त्या हजारांत शून्य एकदाही आलं नाही. असे दशांशातले आकडे काढताना नेमकं शून्य येतही नाही.

दीड पान एका ओळीत आलं. तिनं पडद्याचा फोटो काढून गौराबाईच्या फोनवर पाठवला, सरांना दाखवायला. गौराबाईनं उलट फोन केला. "बघितलंय बाई त्यांनी. मान हलवायलेत. मला काय कळतंय, मुंग्यांची रांग दिसायली." फोटोत नुसती छोटी ओळ होती. आधीचं दीड पान त्यात नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. सात नंबर पहिला आला.

शीला त्याच रविवारी एसटीनं ताडकळसला गेली. आदिनाथ सर म्हणाले होते, यादी छापून येईपर्यंत बाहेर बोलू नका. तिला दम निघाला नाही. सर खाटेवर होते. तिनं कानापाशी वाकून सांगितलं. सरांचा अर्धा चेहरा हसला. अर्धा तसाच राहिला. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते कानात गेलं. गौराबाईनं पदरानं पुसलं आणि विचारलं, "काय झालं गं? काय म्हणायलीस त्यांना?"

"काकू, तुमचं नाव छापून येणार आहे. पहिलं."

गौराबाई आधी हसली. मग चुलीपुढं जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. शेजारणी म्हणाल्या, "गौराबाई, आता काय, सरकारी बाई झालाव तुमी." गौराबाई म्हणाली, "जा गं. ज्वारी झालीय सरकारी." पण पदर नीट केला.

सोमवारी दुपारी केंद्रातल्या लिंबाखाली बापलेक जेवायला बसली.

"सर काय म्हणले?" सिद्धोधननं विचारलं.

"रडले. त्यांची ज्वारी पहिली आली म्हणून."

"कुठली त्यांची?"

"सात नंबर."

सिद्धोधनचा घास हातातच राहिला. "सात? ती कशी पहिली येईल? तिचे तीन वाफे कोरे व्हते."

"कोरे म्हणजे?"

"कोरे म्हंजी कोरे. वड्याकडची कड. चोपण हाय ती, खारवट. आमी दरसाल पेरतो, दरसाल कोरी. चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या तुमच्या सायबांनी, तवा सातच्या नशिबी तीनदा तीच कड आली. मी लिहून दिलतं की तुला. शून्य, शून्य, शून्य."

"दिलं होतं. मी भरलं होतं."

"मग?"

शीला उठली. तिनं हात धुतले नाहीत.

संगणकावर तिनं त्या तीन वाफ्यांचे आकडे लांब पदावलीत घातले. आरनं तिन्ही वेळा लिहिलं, ही संख्या नाही. मग तेच आकडे छोट्या ओळीत घातले. एक. एक. एक.

तगांक एक म्हणजे पुरता तग. जिथं एकही रोप उगवलं नव्हतं, तिथं एकही रोप वाळलं नव्हतं. वर उगवण होती, खाली उगवण होती. सरळनं काटली.

कोरे वाफे वगळून तिनं पुन्हा हिशोब लावला. सात नंबर चौथा आला. यादी तिघांची होती.

ती दोनदा मोजून उठली आणि तिसऱ्यांदा मोजायला बसली.

मंगळवारी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. बुधवारीही नाही. यादी शुक्रवारी छापायला जायची होती. सिद्धोधन तिच्याकडं बघायचा आणि परत कामाला लागायचा. बुधवारी संध्याकाळी चहा पिताना एवढंच म्हणाला, "वड्याकडची कड तुला मी आदी सांगाया पायजे व्हती."

"आबा, तुम्ही शून्य लिहून दिलं होतं."

"लिहून दिलतं. पण तोंडानं सांगाया पायजे व्हतं."

गुरुवारी रजा टाकून ती ताडकळसला गेली. वाटेत पिंगळीच्या फाटकाला गाडी थांबली, मालगाडी गेली. तिनं वाक्यं जुळवून बघितली. एकही धड जुळलं नाही.

सर जागे होते. पाठीला उशी, डाव्या हाताशी पाटी. लकव्यानंतर ते पाटीवर डाव्या हातानं लिहायचे, पहिलीतल्या पोरासारखं वाकडं. गौराबाई परसात भांडी घासत होती.

शीलानं पाटी घेतली. तिला वाक्य सापडलं नाही, म्हणून तिनं गणित लिहिलं. वर क्ष, कंसात एक अधिक य. खाली क्ष. बरोबरचं चिन्ह. मग दोन्ही क्ष काटले आणि उत्तर लिहिलं: एक अधिक य. पाटी सरांच्या पुढं धरली.

सरांनी बघितलं. त्यांना वेळ लागला नाही. डाव्या हातात पेन्सिल धरली. ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी काटलेल्या क्षच्या बाजूला लिहिलं: क्ष ≠ ०. लिहून तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत तेव्हाचाच सवाल होता. आन क्ष शून्य असला तर?

"होता, सर," शीला म्हणाली. "शून्य होता."

सर बघत राहिले.

"क्ष म्हणजे उगवण. माहेरचीचे तीन वाफे कोरे गेले होते. मी अट काढून टाकली होती. ओळ मोठी होत होती म्हणून. त्या तिन्हींचा एक झाला, सर. म्हणून ती पहिली आली. खरी ती चौथी आहे."

सरांचा हात पाटीवर तसाच होता. त्यांनी मान वळवून परसाच्या दाराकडं बघितलं. भांड्यांचा आवाज थांबला होता. गौराबाई दारात उभी होती, हात राखेनं भरलेले.

सरांनी परत शीलाकडं बघितलं. ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"लिही," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे मिटले. दुसरा शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारला नाही.

शीला निघाली तेव्हा गौराबाई तिच्या मागोमाग ओसरीपर्यंत आली. कधी नव्हे ती 'बस' म्हणाली नाही.

"शीले, एवढी काय घाई व्हती गं खरं बोलायची? म्हातारा आज न उद्या जायचाच व्हता. मागनं सांगितलं असतंस."

"काकू, उद्या यादी छापायला जाणार होती. तुमच्या नावानं खोटं छापलं असतं."

"माझं नाव. मी मागितलं व्हतं का?"

शीलानं पायात चपला सरकवल्या.

"पेढे वाटले मी," गौराबाई म्हणाली. आत जाऊन तिनं दार ओढून घेतलं.

शुक्रवारी सकाळी शीला आदिनाथ सरांच्या टेबलापाशी उभी राहिली. लांब पदावली, छोटी ओळ, तीन कोरे वाफे, सगळं तिनं दाखवलं. त्यांनी चष्मा काढला.

"जर-तर मीच काढायला लावले होते."

"हो सर. पण काढले मी."

त्यांनी छापखान्याला फोन करून यादी थांबवली. समितीला पत्र लिहिलं, त्यात स्वतःचं नाव आधी घातलं. माणूस सरळ होता. यादी पंधरा दिवसांनी निघाली. सात नंबर तीत नव्हता.

शीला तेवढ्यावर थांबली नाही. तीन कोऱ्या वाफ्यांत दोष ज्वारीचा नव्हता, जमिनीचा होता. हे तिच्या बापाला ठाऊक होतं, कागदाला नव्हतं. बाकीच्यांचा बारा वाफ्यांवर आणि सातचा नऊच वाफ्यांवर निकाल काढणं बरोबर नाही, असं तिनं लिहून दिलं. चांगल्या जमिनीत सात नंबरची आणखी एक रब्बी पारख घ्यावी. आदिनाथ सरांनी शेरा मारला आणि कागद वर गेला. बियाणं दोन किलो लागणार होतं. केंद्रात ते उरलं नव्हतं. कापणीनंतर सगळ्या वाणांचं धान्य एकत्र होऊन गेलं होतं. माहेरची आता फक्त त्या पत्र्याच्या डब्यात होती.

हे तिनं ताडकळसला कळवलं नाही. एकदा घाईनं बातमी दिली होती. या वेळी मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं. जुलै गेला. ती रोज आवक-जावकच्या खिडकीशी जायची. तिथला माणूस तिला लांबूनच बघून मान हलवायचा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बसवंतराव सर लिंगैक्य झाले. शीलाला फोन आला नाही. सिद्धोधनला ताडकळसचा एक मजूर बोलला, तेव्हा कळलं. ते दोघं पोचले तोवर सरांना त्यांच्याच शेताच्या बांधाला, बसत्या देहानं, समाधी दिली होती. वरची माती ओली होती. बेलाची पानं पडली होती. शीला उभी राहिली. जुने विद्यार्थी आले होते. कुणी वाण्याचं दुकान घातलेला, कुणी फौजेत गेलेला. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "माझा अर्धा मार्क अजून सरांकडं हाय." दोघं हसले आणि मग दोघांनीही तोंड फिरवलं.

गौराबाई घरात बायकांत बसली होती. शीला दारातून परत फिरली.

मंजुरीचा कागद त्यानंतर आठ दिवसांनी आला. आदिनाथ सरांनी तो स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवला. "ऑक्टोबरचा पेरा धरू," म्हणाले. शीलानं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. सरांची आराधना, त्यांच्या मागचं गावजेवण, दोनच दिवसांवर होती. तिला बोलावणं नव्हतं. तरी ती गेली. बी त्या दिवशी मागायचं नव्हतं, एवढं तिला कळत होतं. नुसता कागद दाखवायचा होता.

दारात मांडव होता. स्वामी जेवून गेले होते, शेवटच्या पंगती चालू होत्या. गौराबाईनं तिला बघितलं. क्षणभर दोघीही थांबल्या. मग गौराबाईनं पाट सरकवला.

"खा आदी," ती म्हणाली.

शीला बसली. ताट आलं. गव्हाची गोड हुग्गी, वरण, वांग्याची भाजी, भाकरी. गौराबाईनं भाकरी स्वतःच्या हातानं वाढली. शीलानं घास मोडला. भाकरी सकाळची होती, गार झालेली, तरी मऊ होती. पांढरी होती. तिनं घास तोंडात घातला आणि चावायची थांबली.

तिनं मान वर केली.

"तीच हाय," गौराबाई म्हणाली. "माहेरची."

"काकू, डब्यातली?"

"मग कुठली? परवाच दळून आणली. पाला काढला, राख पाखडली." ती शीलाच्या समोर खाली बसली. गुडघ्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "शेतात न्हाई. यादीत न्हाई. मग डब्यात कशाला? माझ्या मागं तिला किडेच खाणार. त्यांच्या नावानं चार माणसांच्या पोटात गेलेली बरी."

"सगळी?"

"सगळी. चार पायल्या. सकाळपास्नं भाकऱ्याच थापायलाव आमी बायका. गाव जेवला की." तिनं टोपलीकडं बघितलं. "दोन उरल्यात."

शीलाची पर्स मांडीवर होती. तिनं तिच्यावर हात ठेवला. उघडली नाही.

"काय झालं गं?" गौराबाईनं विचारलं. "काय आणलंस?"

"काही नाही, काकू."

गौराबाई तिच्याकडं बघत राहिली. सात महिने आजारी माणूस सांभाळलेल्या बाईचं बघणं ते. तिला काही कळलं की नाही, शीलाला समजलं नाही. मग गौराबाईनं हात लांबवून टोपलीतल्या दोन भाकऱ्यांपैकी एक उचलली आणि तिच्या ताटात ठेवली. दुसरी अर्धी मोडून स्वतः घेतली. उरलेली अर्धी सिद्धोधनसाठी फडक्यात बांधली.

"तुझ्या बापाला दे. रोपं त्यानंच मोजली म्हणं."

दोघी जेवल्या. बाहेर मांडवाचे बांबू सोडायला सुरुवात झाली होती. शीलानं ताटात पडलेला चुरा बोटानं गोळा केला. तोही तिनं खाल्ला.